मुकं बेट

आईची दृष्टी गेल्यावर घरात सगळ्यांना वाटलं होतं की आता ही बाई रेडिओपाशी बसून राहणार. पण तिनं गेम खेळायला सुरुवात केली. जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेलेला, त्यामुळे कान तयार होते आणि बोटंही. थोरल्यानं, म्हणजे घरातल्या दादानं, तिला कॉम्प्युटरवर एक बेट मिळवून दिलं. त्या गेममध्ये प्रत्येकाचं आपलं बेट असतं, त्यावर शेत, कोंबड्या, धक्का. आणि ओळखीची माणसं इंटरनेटवरून होडीनं भेटायला येतात.

खेळ डोळसांसाठी बनवलेला होता. आईला तो खेळता यायचा तो जिराफमुळे. जिराफ हे एका खेळाडूचं टोपणनाव. त्यानं त्या गेमसाठी घरी बसून एक मॉड लिहिलं होतं. मॉड म्हणजे कंपनीनं नव्हे, खेळणाऱ्यानंच केलेली जोडणी. ती बसवली की गेम बोलायला लागायचा. ‘समोर विहीर. डावीकडे गाजरं, तयार. धाकटी धक्क्यावर आली आहे.’

हे शेवटचं वाक्य ऐकायला आई रोज संध्याकाळी खुर्चीत बसायची.

धाकटी, तिची लेक, दूरच्या शहरात एका पशुवैद्याच्या दवाखान्यात मदतनीस होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून एकटी राहायची. फोनवर तिच्या तोंडून ‘बरं आहे’ याच्या पलीकडे काही निघत नसे. ‘जेवलीस?’ ‘हो.’ ‘झोप लागते?’ ‘बरं आहे गं.’ की फोन बंद. पण बेटावर दोघी धक्क्याच्या टोकाला गळ टाकून बसल्या, की कानाला लावलेल्या हेडफोनमधून ती हळूहळू बोलायला लागायची. हाताला चाळा लागला की तिची जीभ सुटायची. आज एक म्हातारं कुत्रं गेलं, मालक रडला नाही, आपणच रडलो. घर फार शांत आहे. आई मध्ये मध्ये ‘हं’ म्हणायची आणि मासा ओढायची.

मोठं अपडेट येणार असल्याची बातमी जिराफनंच ग्रुपवर आवाजी निरोपातून दिली. ग्रुपमधल्या बहुतेकांना दिसत नव्हतं, त्यामुळे तिथं सगळं बोलूनच चालायचं.

“मंडळी, या वेळी नुसती रंगरंगोटी नाही. गेमच्या आतली सगळी मांडणीच बदलतायत. माझं मॉड शंभर टक्के मोडणार. आपोआप अपडेट होणं आत्ताच बंद करा. गेमचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. तुमचं बेट वेगळ्या फोल्डरमध्ये असतं, तेही घ्या. आणि मी सांगेपर्यंत कुणीही ‘हो’ दाबायचं नाही. दाबलंत तर माझ्या नावानं बोंब मारू नका.”

“माझ्या कोंबड्या कॉपी होतील का रे?” एका आजोबांनी विचारलं.

“कोंबड्या होतील, अंडी फुटतील,” जिराफ म्हणाला. आई हे ऐकून कितीतरी वेळ हसत होती.

दादा शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायचा. अर्धवट काम त्याला खपत नसे. सुट्टीच्या दिवशी बसून त्यानं गेम, मॉड आणि बेट तिन्हींची प्रत पेन ड्राइव्हवर काढली, आपोआप अपडेट बंद केलं, मग ती प्रत खरंच चालते की नाही हे दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहिलं. ‘समोर विहीर,’ असं बेट बोललं तेव्हाच तो उठला.

त्यानं विचार केला नाही तो एकाच गोष्टीचा. धाकटी टीव्हीला जोडायच्या डब्यावर खेळायची. तो डबा अपडेट स्वतःच घेतो, कुणाला विचारत नाही, आणि मागेही फिरवता येत नाही.

अपडेट आलं त्या संध्याकाळी दादा कामावर होता. धाकटीचा फोन आला. आवाज बसलेला.

“आई, बेटावर येतेस ना?”

“आलेच. का गं, काय झालं?”

“तिथं ये. तिथं बोलते.”

आई खुर्चीत बसली. बेट उघडलं. सगळं नेहमीसारखं बोललं, विहीर, गाजरं, कोंबड्या. पण धाकटी येईना. पुन्हा फोन.

“आई, मला तुझं बेट दिसतच नाहीये. व्हर्जन जुळत नाही म्हणतंय. तू अपडेट नाही केलंस?”

“नको म्हणालेत गं. मॉड मोडेल.”

मग धाकटी म्हणाली, “बरं. राहू दे.”

तो ‘राहू दे’ आईला सहन झाला नाही. “थांब, ठेवू नकोस,” ती म्हणाली. कॉम्प्युटरचा वाचून दाखवणारा आवाज विचारत होता, ‘नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. अपडेट करायचं?’ तिला सगळं कळत होतं. तिनं ‘हो’ दाबलं.

दादा घरी आला तेव्हा ती तशीच बसली होती, दोन्ही हात कीबोर्डवर. स्पीकरमधून लाटांचा आवाज येत होता आणि मधूनमधून धप्प, धप्प. आईचं माणूस पडद्यावर घराच्या भिंतीला धडका देत होतं.

“कुठं आहे रे मी?” तिनं विचारलं. “दार कुठल्या बाजूला?”

“आई, काय केलंस हे?”

“ती आत आली होती. तिला मी दिसत होते. ती म्हणाली, आई, तू भिंतीवर का आपटतेयस? मी म्हटलं, थांब, येते मी धक्क्यावर. मला दारच सापडेना. आणि मग ती रडायला लागली, आणि फोन ठेवला. मग हेडफोनमध्येही काही येईना.”

“आणि परत लावला नाहीस?”

“उचलत नाही.”

दादानं लावला. उचलला नाही. मग त्यानं जे हातात होतं ते केलं. पेन ड्राइव्ह काढला आणि जुनं सगळं परत बसवलं. ‘समोर विहीर,’ बेट बोलायला लागलं. तयारी चोख होती. एक गाजरही हरवलं नव्हतं. फक्त त्या बेटावर आता धाकटी येऊ शकत नव्हती.

“बंद कर ते,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही फोन उचलला गेला नाही. एवढाच मेसेज आला, ‘बरं आहे. कामात आहे.’ दादानं दवाखान्यात फोन केला, तर तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो, ती येत नाहीये की. आम्हाला वाटलं, तुमच्याकडे आलीय.”

आईला हे कसं सांगावं ते दादाला कळेना, म्हणून त्यानं आधी जिराफला फोनवर गाठलं. आजवर ऐकलेला आवाज मिश्कील होता. आजचा थकलेला होता.

“मॉड कधी होईल?”

“होणार नाही, दादा. सगळं नव्यानं लिहावं लागेल. दर अपडेटला मी हेच करत आलोय. दिवसा नोकरी, संध्याकाळी हे. आता नाही होत.”

“अहो, असं कसं? माझ्या आईचं काय?”

“सगळ्यांच्याच आया आहेत हो.”

“तुम्हाला कळत नाहीये,” दादाचा आवाज चढला. “माझी बहीण तिथंच बोलायची फक्त. कुठंच बोलत नाही ती. तुम्ही असे मध्येच हात वर करून कसे बसता? लोकांना सवय लावायची आणि...”

“दादा,” जिराफ म्हणाला, “मला पण दिसत नाही. अपडेट घेतल्यापासून माझाही गेम मुका झालाय. माझीही माणसं तिथंच होती.”

मग तो हळू आवाजात म्हणाला, “बहिणीकडे जा. मॉडची वाट बघू नका.”

दादानं आईला सगळं सांगितलं. ती उठून भिंतीला हात लावत खोलीत गेली आणि कपाटातून चपला घेऊन आली. दृष्टी गेल्यापासून ती डॉक्टरकडे जाण्याखेरीज घराबाहेर पडली नव्हती. रस्त्याची तिला भीती वाटायची.

“मला तिच्याकडे घेऊन चल,” ती म्हणाली. “आत्ता.”

बसमध्ये ती दादाचा दंड गच्च धरून होती. बाजूनं ट्रक गेला की दचकायची. एकदा म्हणाली, “मी ‘हो’ दाबायला नको होतं का रे?” दादानं तिच्या हातावर हात ठेवला. थोड्या वेळानं ती स्वतःशीच म्हणाली, “नाही दाबलं असतं, तरी ती ‘राहू दे’ म्हणालीच होती.”

धाकटीच्या इमारतीत लिफ्ट बंद होती. जिने चढताना आईला धाप लागली, पण ती कुठं थांबली नाही. बेल वाजवली. कुणी येईना. दादा दार ठोठावत राहिला. शेजारच्या बाईनं डोकावून पाहिलं. “असेल आत,” ती म्हणाली. “पाण्याचा आवाज येतो कधीकधी.”

आईनं दादाला बाजूला केलं आणि दाराला तोंड लावून म्हणाली, “बाळा, मी आलेय. दार सापडलं बघ मला.”

आत काहीतरी सरकलं. कडी निघाली.

दादानं पाहिलं ते आईला दिसलं नाही हे बरंच झालं. ओढलेले पडदे, ओट्यावर बुरशी धरलेली भांडी, जमिनीवर अंथरूण, आणि वाळून अंगातला टीशर्ट ढगळ झालेली बहीण. पण आईच्या नाकाला वास आला होता, आणि तिचे हात धाकटीच्या चेहऱ्यावरून, मग खांद्याच्या हाडांवरून फिरले. धाकटी बोलली नाही. ‘बरं आहे’ एवढंही नाही. दादानं चहा केला तो तसाच निवला. त्यानं विचारलं, डॉक्टरकडे जाऊ या का? तिनं नुसती मान हलवली, हो की नाही ते कळेना.

“तो तुझा डबा चालू आहे का?” आईनं एकाएकी विचारलं.

“आहे. का?”

“लाव. मासे धर.”

“आई, आता नवीन आहे सगळं. तुला काहीच ऐकू येणार नाही.”

“मला मासे ऐकायचे नाहीत. तू धर.”

धाकटीनं टीव्ही लावला. बेट उजळलं, लाटा आल्या. तिनं गळ टाकला. आई तिच्या शेजारी जमिनीवर भिंतीला टेकून बसली, मांडीवर हात ठेवून, जणू एक्सचेंजमध्ये लाइन जुळायची वाट बघतेय. दादा स्वयंपाकघरात भांडी घासायला गेला. नळ त्यानं बारीक सोडला.

बराच वेळ नुसता गळ टाकल्याचा आवाज येत होता. मग धाकटीचा आवाज आला, खालच्या पट्टीत, पडद्याकडे बघून बोलल्यासारखा.

“त्या दिवशी मी तुला का बोलावलं, माहितेय?”

“हं,” आई म्हणाली.

“मला उठावंसंच वाटत नव्हतं. परत कधीच.”

दादाच्या हातातली बशी हातातच राहिली. आईनं हात लांब करून मुलीचं पाऊल शोधलं आणि धरून ठेवलं. धाकटी बोलत राहिली. अडखळत, थांबत, मध्येच गळ पुन्हा टाकत. दादानं सगळं ऐकलं आणि नळाखाली चेहरा धुतला.

दुसऱ्या दिवशी तिघं मिळून डॉक्टरांकडे गेली. औषधं सुरू झाली. दादाला कामावर परतावं लागलं. आई तिथंच राहिली, परक्या शहरात, परक्या जिन्यांच्या घरात, जिथं तिला न्हाणीघरही चाचपडत शोधावं लागायचं. निघताना त्यानं विचारलं, “राहशील ना नीट?”

“आपटेन थोडे दिवस,” ती म्हणाली. “मग कळेल भिंत कुठं आहे ते.”

जिराफचं मॉड परत आलं नाही. ग्रुपमधल्या कुणीतरी नवं लिहायला घेतलं आहे म्हणतात, ते अजून फक्त दिशा सांगतं. दादानं ते आईला फोनवर कळवलं, तर ती म्हणाली, “असू दे, बघू नंतर. आज ती डोकं धुवून कामावर गेलीय. अर्धाच दिवस, पण गेलीय.” आणि घाईनं फोन ठेवला, कारण दूध उतू चाललं होतं.