बंद दाराचं टेबल

मी कॉम्प्युटरचं टेबल बोलतोय. नीट ऐका, मी एकदाच सांगतो.

मला या घरातल्या म्हाताऱ्या सुतारानं केलं. वय सत्तर, पण हात पक्का. माझ्या उजव्या अंगाला कॉम्प्युटरचा डबा ठेवायला कप्पा, आणि कप्प्याला दार. दार असं चपखल बसलं होतं की फटीत कागद शिरायचा नाही. म्हाताऱ्याला त्याचा फार अभिमान. कोणी उघडं टाकलं की गरजायचा, "उघडंच ठेवायचं होतं, तर मी केलं कशाला?"

माझ्यापुढे बसते त्याची सून. ती बस चालवते, आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळते. दिवसभर चालवून पोट भरत नसावं. त्या गेमची स्पर्धा होती. डोंगरातला रस्ता चाळीस मिनिटांच्या आत पार करायचा, खेळताना बोलत राहायचं, आणि सगळ्याचं सलग रेकॉर्डिंग पाठवायचं.

तिनं एकोणचाळीस मिनिटांत केलं. रेकॉर्डिंग परत आलं. त्यात गाडी वळणाच्या अलीकडे दिसे, नि एकदम पलीकडे. मधली चित्रं गायब. स्पर्धावाल्यांनी लिहिलं, मधे कापल्यासारखं दिसतं. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत अखंड पाठवा, नाहीतर नाव बाद.

"बाद करायचं तर करा," ती म्हणाली. "पण लबाड म्हणताय? वीस वर्षं बस चालवतेय, एक ओरखडा नाही माझ्या नावावर."

नवरा कामाला लागला. रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला साठ चित्रं टिपायची असतात. जेवढी सुटतात, तेवढा पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा वाढतो. त्यानं बाकीचे प्रोग्राम बंद केले. चित्राचा दर्जा एक पायरी उतरवला. रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर घेतलं. दर वेळी माझं दार उघडून जमिनीवर फतकल मारायचा, वायरी चाचपायचा, वीस मिनिटं गेम चालवून बघायचा. सुटलेली चित्रं शून्य. "झालं," म्हणायचा आणि दार लावायचा. मग ती बसली की पंधराव्या मिनिटाला आकडा पळत सुटायचा.

"तू बसलीस की होतं बघ."

"म्हणजे आता माझा पायगुण वाईट का?"

मला कारण ठाऊक होतं. डब्यातल्या पंख्याची घरघर माईकमध्ये शिरू नये म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी दोघं दार लावत. तपासताना मात्र ते उघडं. बंद दारामागे माझ्या पोटात भट्टी पेटायची, आणि डबा तापला की कामात मागे पडायचा. पण मी सांगणार कसं? मला तोंड नाही. दार होतं, ते बंद.

रविवार उजाडला. चार वाजता ती बसली. म्हातारा शेजारी स्टुलावर. सव्वाचारला आकडा हलला. बारा. नव्वद. तीनशे. तिनं हात खाली टाकले.

सुताराला लाकडाला हात लावल्याशिवाय बसवत नाही. म्हाताऱ्याचा तळवा माझ्या दारावर आला आणि तिथंच थांबला.

"हे तापलंय कशानं?"

"बाबा, आत्ता नको," मुलगा म्हणाला.

"लाकूड तुला कळतं की मला?"

त्यानं दार ओढलं. गरम वाफ भस्सकन तिघांच्या तोंडावर आली.

"तपासताना हे उघडं असतं," सून सावकाश म्हणाली. "आणि खेळताना आपणच लावतो."

"एरवी उघडं दिसलं की बाबा ओरडतात," नवरा पुटपुटला.

म्हातारा उठला, पेचकस घेऊन आला, गुडघे वाजवत खाली बसला.

"अहो बाबा, नुसतं उघडं ठेवलं तरी भागेल."

"आणि कोणी सवयीनं लावलं तर? आधी माझाच हात जाईल."

सहा स्क्रू निघाले. दार निघालं. लागलं मला, खोटं कशाला बोलू? पण आत गार वारा शिरला आणि मी पहिल्यांदा श्वास घेतला.

"पंखा ऐकू येईल, बाबा."

"येऊ दे. काम चाललं की आवाज होतोच. तू मोठ्यानं बोल."

पाचला गाडी सुटली. तिची कोपरं माझ्यावर आदळत होती, मी चारी पाय रोवून उभा. "पुढं उतार आहे, मागच्यांनी दांड्या धरा," ती माईकमध्ये ओरडली. पंधरावं मिनिट. शून्य. पंचविसावं. शून्य. नवरा आकड्यावर डोळे लावून, म्हातारा रस्त्यावर. "डावीकडं घे, डावीकडं," तो स्टुलावरून अर्धा उठला, जणू तोच बसमध्ये उभा होता. दरीकाठचं शेवटचं वळण. ती ब्रेकला शिवलीच नाही. अडतीस मिनिटं नऊ सेकंद. सुटलेली चित्रं शून्य.

फाइल चढायला वीस मिनिटं लागली. तिघांपैकी कोणी खुर्चीला पाठ टेकली नाही. सहाला दोन मिनिटं कमी असताना गेली.

मंगळवारी उत्तर आलं. रेकॉर्डिंग अखंड, मान्य. आधीची शंका मागे घेतो. सुनेनं ते दोनदा वाचलं, म्हाताऱ्यानं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. नंबर चौथा आला. त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही.

आता माझा कप्पा उघडाच असतो. धूळ बसते, कोणीतरी पुसतं. पाहुणे विचारतात, दार कुठं गेलं? म्हातारा म्हणतो, "माझी चूक होती. काढली." हा शब्द त्याच्या तोंडून मी आधी कधी ऐकला नव्हता. मला दाराविना कमीपणा वाटत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं. बिघाड शोधायचा तर जसं रोज काम करता, तसंच बसून शोधा. आणि यंत्राला मधूनमधून हात लावून बघत जा.

बस्स, निघा आता. सून चष्मा पुसत येतेय. नवा रस्ता आहे म्हणे, बर्फाचा. म्हाताऱ्यानं स्टूल ओढलंसुद्धा. जरा सरका, त्याला पडदा दिसत नाही.