मडक्याच्या तळातलं

"रंजनाताई, सगळंच घ्या. मागच्या वेळी पट्टे फार फिके आले होते," विद्युल्लता मॅडम म्हणाल्या.

रंजना नळी धरून तशीच उभी राहिली. जव्हारच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळून ती इतकी तयार झाली होती, की मुलं तिला अर्धी मॅडम म्हणत. जिवाणूंच्या साक्यात निळा द्राव घालायचा, नळी उकळायची, मग जेलवर वीज सोडली की प्रथिनं पट्ट्यापट्ट्यांनी वेगळी होतात. हे सगळं तिच्या हातचा मळ होतं. आज मात्र हात पुढे होईना, कारण नळीतला जिवाणू तिच्या आईच्या आंबिलीतला होता.

साखरशेतला, माहेरी, आईचं आंबिलीचं मडकं कधी पुरतं रिकामं झालं नाही. तळाशी उरलेल्यावर नाचणीचं नवं पीठ पडायचं. आईच्या सासूपासून हेच चालत आलेलं. त्यातली वाटीभर आंबील रंजनानं इथे आणली आणि मॅडमनी त्या आंबिलीतल्या अनेक जिवाणूंमधून हा एक वेगळा वाढवला. मग आई गेली. दहाव्याला जयवंती वहिनीनं घरातली जुनी मडकी फोडली.

"सुतकातलं मडकं घरात कसं ठेवू, वन्सं?" वहिनी म्हणाली. तिचं तरी काय चुकलं? रीत ती रीत.

इथल्या त्या जिवाणूच्या बाकीच्या नळ्यांत बुरशी धरली होती. उरली ही एकच.

"मॅडम, उकळल्यावर हे परत आंबायचं नाही ना?"

"नाही. सगळे मरतात."

"घरचं मडकं फोडलं. आईचं आता एवढंच हाय."

मॅडमनी नळीसाठी उकळत ठेवलेल्या पाण्याखालची शेगडी बंद केली. "आधी नाही का सांगायचं? थोडं बाजूला काढा. पट्टे फिके तर फिके."

रंजनानं नाचणीची पेज शिजवून चंबूत निववली आणि त्यात नळीतला एक थेंब सोडला.

"प्यायची नाही हं. प्रयोगशाळेतलं भांडं आहे."

"वास तेवढा घेईन."

दोन दिवसांनी तिनं चंबूच्या तोंडाचा कापसाचा बोळा काढला. पेज आंबली होती. तिचे डोळे भरून आले. मग तिनं पुन्हा वास घेतला. आंबट होता, पण आईचा नव्हता. आईच्या आंबिलीत बाकीचे जिवाणूही होते, ते मडक्याबरोबर गेले.

"जमलं?" मॅडमनी विचारलं.

"आंबलंय. पण एकलंच आंबलंय, मॅडम."

तरी तिनं चमचाभर पीठ वर घातलं. आई घालायची तसंच, तळ न हलवता.