मांडीचा तुकडा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि सध्या पुरता वैतागलेला आहे. माझी भिंगं घासणारा कारागीर म्हणाला होता, "याच्या नजरेतून काही सुटायचं नाही." ते खरंही होतं. पण पुढ्यात ठेवाल तेवढंच मला दिसतं, त्याला मी काय करणार?

मी वनखात्याच्या तपासणी-खोलीत असतो. रानडुकरं फार झाली की शिकाऱ्यांना परवाने मिळतात. या डुकरांच्या मांसात कधी कधी बारीक, वेटोळे घातलेले कृमी असतात. अर्धकच्चं मांस खाल्लं की माणूस अंथरुणाला खिळतो. म्हणून छाती आणि पोट यांमधल्या पडद्याचा तुकडा आधी माझ्याखाली यावा लागतो, कारण कृमींची दाटी तिथेच असते. तो स्वच्छ निघाला तरच मांसावर 'खाण्यास योग्य' असा शिक्का बसतो. पाहुणे आले की साहेब माझं तोंडभरून कौतुक करतात. एरवी माझ्या डोक्यावर कुणीतरी टोपी अडकवून जातं.

एकदा एक मिशीवाले शिकारी काका तुकडा घेऊन आले. त्यांची सून पोटुशी होती आणि घरचे सगळे मांसाची वाट बघत होते.

"काका, हा मांडीचा तुकडा. पडदा कुठंय?" तपासणी करणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तो आतड्यांबरोबर गेला की. सगळं झाडाखालीच टाकलं. दुसऱ्या डुकरांनी फस्त केलं असेल."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यात कृमी असले तर ते आता त्यांच्या पोटात गेले."

"यंत्रात काही दिसलं का?"

"मांडीत नाही दिसलं."

"मग झालं तर. मारा शिक्का."

बाईंनी शिक्का मारला नाही. मांस चुन्याच्या खड्ड्यात गेलं. "हे यंत्र भंगारात काढा," असं म्हणत काका तणतणत निघून गेले. मला ते फार लागलं.

पुढच्या हंगामात काका स्वच्छ डब्यात पडदा घेऊन आले. "आता काढा चूक."

"अगदी बरोबर आणलात," बाई कौतुकानं म्हणाल्या आणि माझ्यावर वाकल्या. मला नुसती वेटोळी दिसत होती. बाईंचा चेहरा उतरला.

"कुठं मिळालं हे डुक्कर?"

"त्याच झाडापाशी. हल्ली तिथं अख्खा कळप येतो."

मित्रांनो, माझी भिंगं पुसा किंवा नका पुसू. पण मारलेल्या जनावराची आतडी रानात उघडी टाकू नका, खोल पुरा. किती वेळा सांगायचं?

काकांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "म्हणजे तेव्हा सुनेनं ते खाल्लं असतं तर..." मग त्यांनी विचारलं, "आणि तो कळप?"

"त्यांना कुठला शिक्का मारू, काका?" बाई म्हणाल्या.