वुम्पिनी मागे बघायची नाही

वुम्पिनीची एक खोड तमाले शहराच्या मुलींच्या फुटबॉल संघात सगळ्यांना ठाऊक होती. उंच आलेल्या बॉलवर ती थेट उडी घ्यायची, मान वर करून, आणि मागून कोण येतंय हे बघायचीच नाही. नवा कोच आला की त्याचे पहिले काही दिवस तिला समजावण्यात जात. ‘‘अगं, उडी मारण्याआधी एकदा तरी खांद्यावरून नजर टाक!’’ ती हसायची. ‘‘मागे सानातू आहे ना. ती बघते की.’’

आणि सानातू बघायचीच. बचावाच्या मधोमध दोघी खेळत, वुम्पिनी जरा पुढे, सानातू जरा मागे. ‘मागे आहे!’, ‘सोड!’, ‘एकटी आहेस, घे!’ असा सानातूचा घसा सबंध सामनाभर चालू असायचा. त्या आवाजाच्या भरवशावर वुम्पिनी डोळे झाकून डोकं घालायची. लोक म्हणत, या दोघींमधून वारासुद्धा जात नाही.

सानातूच्या बापाला मुलीचं खेळणं मुळीच पसंत नव्हतं. तेव्हा वुम्पिनीची आई, म्मा अझारा, त्याच्या दारात जाऊन बसली होती. शियाच्या बियांचं, अंगाला चोळायचं लोणी काढून बाजारात विकणारी बाई. हात कोपरापर्यंत नेहमी तुकतुकीत. ‘‘माझी जाते, मग तुमची का नको? दोघींचे गुडघे फुटले तर लोणी माझ्याकडे आहे,’’ म्हणाली. बाप ‘हो’ म्हणेपर्यंत ती उठली नाही. त्या दिवसापासून सानातू त्या घरचीच झाली. सरावाहून आल्या की म्मा अझारा एकाच वाडग्यात तुओ झाफीचा, म्हणजे मक्याच्या उकडीचा, वाफाळता गोळा आणि वर अयोयोच्या पाल्याची आमटी वाढायची. दोघींची बोटं एकाच वाडग्यात फिरत, आणि मासळीच्या तुकड्यावरून भांडण ठरलेलं.

‘‘डिफेंडर ना तुम्ही? मग राखा आपापला तुकडा,’’ म्मा अझारा म्हणायची.

वर्षं गेली. सानातूचा डावा गुडघा कुरकुरू लागला. वुम्पिनीला मोरोक्कोतल्या एका क्लबचं बोलावणं आलं. जायच्या आधी लीगचा अंतिम सामना दूर कुमासी शहरात होता. दोघी एकत्र खेळणार तो शेवटचाच.

सामन्याच्या दिवशी पहाटे, कुमासीतल्या मुक्कामाच्या खोलीत, सानातू नमाजेसाठी उठली. वुम्पिनी आत हातपाय-तोंड धुऊन वजू करत होती, नळ वाहत होता. तेवढ्यात सानातूचा फोन वाजला. वुम्पिनीचे सुगलो काका होते.

‘‘बेटा, जवळ कुणी आहे का?’’

‘‘नाही, काका.’’

‘‘अझारा गेली गं. आत्ताच, अजानच्या जरा आधी. खोकता खोकता पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत गेलीसुद्धा.’’

सानातू खाटेच्या कडेवर बसली. जमीन घट्ट आहे का, हे तिने पायाने चाचपून पाहिलं.

‘‘पोरीला मी फोनवर सांगणार नाही. आपल्यात तसं सांगत नाहीत,’’ काका म्हणाले. ‘‘तू घरची आहेस. समोर बसवून तूच सांग. दुपारच्या नमाजेनंतर माती द्यायचं ठरतंय. पण ती आत्ता निघत असेल तर उन्हं उतरेपर्यंत थांबू. त्याहून जास्त थांबवता येणार नाही. निघते का नाही, तेवढं कळव मला.’’

नळ बंद झाला. वुम्पिनी ओल्या चेहऱ्याने बाहेर आली. ‘‘एवढ्या पहाटे कुणाचा गं? लग्नाचं स्थळ आलं की काय, म्हातारे?’’

‘‘सुगलो काकांचा. जिंका म्हणाले.’’

‘‘आणि आई? खोकला कसा आहे तिचा?’’

‘‘झोपलीय,’’ सानातू म्हणाली.

तोंडातून शब्द गेला खरा, पण त्या क्षणी तिने काहीच ठरवलेलं नव्हतं. नमाज झाल्यावर ती कोच अबूकारींच्या खोलीवर गेली आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

‘‘गाडी खाली उभी आहे,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘आत्ता निघाली तर तिसऱ्या प्रहरापर्यंत पोचेल. सामना हरलो तर हरलो. पण तिला तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. तू म्हणशील तसं.’’

ते रागावले असते, ‘खेळलंच पाहिजे’ म्हणाले असते, तर सानातूला बरं वाटलं असतं. भांडायला कुणीतरी समोर मिळालं असतं. तिथे कुणीच नव्हतं. गाडी खाली उभी होती.

ती जिन्यात उभी राहिली. म्मा अझाराला कप बघायचा होता, ती मनाशी म्हणाली. वुम्पिनी अर्ध्यावरून परत आलेली तिला आवडली नसती. हे सगळं खरंच होतं. पण त्या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याकडे सानातूने पाहिलं नाही. वुम्पिनी आज गेली तर ती तमालेहूनच पुढे मोरोक्कोला जाणार, आणि तिच्या पाठीमागे उभं राहून हाक घालायला सानातूला पुन्हा कधीच मिळणार नव्हतं.

तिने काकांना फोन लावला. ‘‘काका, थांबू नका.’’

‘‘तिनेच सांगितलं का तसं?’’

सानातू गप्प राहिली. काकांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ आपल्या परीने लावला. ‘‘अल्लाची मर्जी,’’ म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुपारी दोघींनी खोलीतच चटया अंथरल्या. खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या, लहानपणापासून राहत आल्या तशा. सानातूला ठाऊक होतं, तिकडे तमालेला याच वेळी पुरुषांनी रांगा धरल्या असतील, पुढे पांढऱ्या कापडात ती असेल. कपाळ जमिनीला टेकवून तिने मनातल्या मनात मेलेल्यांसाठीची दुआ म्हटली. शब्द मागेपुढे झाले. देवाने ते नीट लावून घेतले असतील तर त्याची कृपा.

नमाज संपली. वुम्पिनीने दोन्ही हात पसरले आणि मोठ्याने मागितलं, ‘‘या अल्ला, माझ्या आईचा खोकला बरा कर. तिला खूप आयुष्य दे. मी निघेन तेव्हा बस-स्टेशनवर येऊन तिला रडू दे माझ्यासाठी.’’ मग तिने कोपराने ढोसलं. ‘‘अगं, आमीन म्हण की. फुकट आमटी खाल्लीस तिची.’’

‘‘आमीन,’’ सानातू म्हणाली.

सामन्यात सानातू ओरडली तशी आयुष्यात कधी ओरडली नव्हती. समोरच्या संघाची फॉरवर्ड वैतागून म्हणाली, ‘‘ए काकू, श्वास घे जरा, मरशील.’’ वुम्पिनीने जाता जाता उत्तर दिलं, ‘‘तिची काळजी तू नको करूस, बाळा. तू बॉल कुठंय ते बघ.’’

एका गोलने त्या पुढे होत्या. अगदी शेवटी कुमासीच्या मुलींना कॉर्नर मिळाला. बॉल उंच, वळत आत आला. ‘‘एकटी आहेस, घे!’’ सानातू ओरडली. वुम्पिनी उडाली, मागे न बघता, आणि बॉल पार रेषेबाहेर गेला. शिट्टी वाजली. पोरी एकमेकींवर कोसळल्या. कप या हातातून त्या हातात फिरला. वुम्पिनी मात्र पिशवीकडे धावली. ‘‘थांबा गं, आधी आईला सांगते!’’

सानातूने फोनवर हात ठेवला.

‘‘बस आधी,’’ ती म्हणाली.

तमालेकडे कुणी आधी ‘बस’ म्हटलं की पुढे कसली बातमी येते, ते वुम्पिनीला ठाऊक होतं. ती गवतावर बसली. बसता बसताच तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. सानातूने तिला सांगितलं, आई गेली, मातीही झाली. आपल्याला केव्हा कळलं, ते सांगितलं नाही. वुम्पिनीने विचारलंही नाही. परतीच्या सगळ्या वाटेवर ती सानातूच्या खांद्यावर डोकं ठेवून होती. मधेच एकदा म्हणाली, ‘‘बरं झालं, तू होतीस.’’ सानातू खिडकीबाहेर बघत राहिली.

उजाडताना त्या घरी पोचल्या. अंगण बायकांनी भरलं होतं. म्मा अझाराचं लोण्याचं मोठं भांडं भिंतीशी उपडं घातलेलं होतं. सुगलो काका उठून आले, वुम्पिनीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हातारा भला माणूस, तिला धीर द्यावा म्हणूनच बोलला.

‘‘मनाला लावून घेऊ नकोस, बेटा. आम्ही उन्हं उतरेपर्यंत थांबणार होतो तुझ्यासाठी. पहाटे सानातू म्हणाली, नका थांबू. तुझ्या आईलाही तेच आवडलं असतं.’’

वुम्पिनी वळली. ती ओरडली नाही. नुसतं बघत राहिली, काहीतरी आठवून जागच्या जागी ठेवत असल्यासारखं.

‘‘पहाटे,’’ ती म्हणाली. मग, अगदी हलक्या आवाजात, ‘‘तू आमीन म्हणालीस.’’

‘‘वुम्पिनी, मी...’’

‘‘खाली बस. लांबून आलीस.’’

सातव्या दिवशी कुराण पठण झालं. गल्लीतल्या सगळ्यांना जेवण होतं. सानातू बायकांबरोबर चुलीपाशी राबली, ढवळून ढवळून तिचे हात भरून आले. पंगत उठायच्या बेताला वुम्पिनी तिच्याकडे आली. हातात वाडगा होता, वर स्वच्छ ताटली झाकलेली. दोन्ही हातांनी तिने तो सानातूपुढे ठेवला, जरा गुडघे वाकवून, पाहुण्याला देतात तसा.

‘‘जेवून घ्या,’’ म्हणाली.

सानातूने ताटली उचलली. तुओ झाफीचा गोळा एकटीपुरता होता. मासळीचा मोठा तुकडा मधोमध ठेवलेला. बाजूला हात घालायला कुणी नव्हतं.

वुम्पिनी मोरोक्कोला गेली. बस-स्टेशनवर कोण कोण गेलं होतं, ते सानातूला दुसऱ्यांकडून कळलं. त्याच वर्षी तिने गुडघ्याचं निमित्त करून खेळणं सोडलं. आता ती लहान मुलींना शिकवते. पहाटेच्या नमाजेनंतर रोज म्मा अझारासाठी दुआ मागते, सगळे शब्द नीट लावून.

एकदा मुलींनी तिला फोनवर वुम्पिनीचा सामना दाखवला. ‘‘बघा ना, आपल्या तमालेची!’’ त्या आरडाओरडा करत होत्या. पडद्यावर बॉल उंच आला. वुम्पिनी त्याच्याखाली जाऊन उभी राहिली. आणि उडी मारायच्या आधी तिने मान वळवली, खांद्यावरून पटकन मागे पाहिलं, मग उडाली.

‘‘किती छान बघते नाही, मॅडम?’’ एक मुलगी म्हणाली. ‘‘आम्हाला तुम्ही हेच सांगता ना?’’

‘‘हो,’’ सानातू म्हणाली. ‘‘असंच बघायचं.’’

पुढचा बॉल आला. वुम्पिनीने पुन्हा मागे पाहिलं.