दुमडलेला पाय

लेकीसाठी घोडा बघायला निघायचं म्हटलं की आईच्या पोटात सकाळपासून गोळा यायचा, आणि घोड्यात काहीतरी खोट सापडेपर्यंत तो हलायचा नाही. खोट सापडायचीच. एकाची पाठ लांब निघाली. एकाच्या डोळ्यांत नको तेवढं पांढरं दिसलं. पांढऱ्या पायांचा एक अडथळ्यापाशी येऊन खिळल्यासारखा थांबला. एक करडा तर सगळ्यांना आवडला होता, पण तिनं त्याच्या खांद्यावरून हात फिरवला, ओठ मुडपले नि नकारार्थी मान हलवली. तिनं मान हलवली की विषय संपायचा. लहानपणी ती स्वतः घोड्यावरून उड्या मारत असे, आणि आता पेशानं फिजिओथेरपिस्ट. सांधा कुठे आखडलाय ते तिच्या बोटांना डोळ्यांआधी कळायचं. नवरा म्हणायचा, "मला घोड्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं एवढंच समजतं. बाकी तू जाणे नि तुझी लेक."

लेकीला घरात टिटवी म्हणायचे. झोपेतून उठल्यापासून बडबड सुरू व्हायची ती दिवे मालवेपर्यंत. पण गेल्या वर्षी रायडिंग स्कूलचा म्हातारा घोडा ऐन उडीच्या क्षणी अडला, टिटवी त्याच्या मानेवरून पुढे उडाली नि वाळूत पडली, तेव्हा ती बोलली नाही. डोळे उघडे, आणि तोंडातून शब्द नाही. आई कठड्याला धरून उभी होती, हातात लेकीची पाण्याची बाटली. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला होता. बाकी सगळे म्हणत, एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नाही. तिला अजून ऐकू येत होता.

हाड जुळलं. पोर पुन्हा खोगिरावर बसली, पण सपाट रिंगणात, रायडिंग स्कूलच्या घोड्यांवर. उड्या बंद. तिथल्या कोचनी स्पष्टच सांगितलं होतं, "ताई, हिला आता स्वतःचा घोडा लागेल. न अडणारा, मनानं मोठा. तो मिळेपर्यंत मी हिला उडीच्या दांड्यावरून नेणार नाही."

म्हणजे घोडा मिळाला नाही, तर उडी नाही. 'उड्या मारू नकोस' असं तोंडानं म्हटलं असतं तर लेकीनं घर डोक्यावर घेतलं असतं. घोड्याच्या पाठीला दोष दिला, तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. हे तिनं ठरवून केलं नव्हतं. एकदा झालं, मग होत गेलं.

आजची घोडी गावाबाहेरच्या एका तबेल्यात होती. मालकीण दातांची डॉक्टर, केस पिकलेल्या, चालताना दोन्ही गुडघे जपत पावलं टाकणाऱ्या. सोबत आलेल्या कोचनी घोडीचा जबडा उघडून वय पाहिलं तशा त्या म्हणाल्या, "जन्मभर मी लोकांच्या तोंडात डोकावले. आज माझ्या घरच्यांची पाळी."

"दात उत्तम ठेवलेत," कोच म्हणाले.

"माझ्या पेशंटांपेक्षा बरे आहेत. ही निदान गोड खात नाही."

घोडी तांबूस, पाय काळे, कपाळापासून नाकपुडीपर्यंत कुणी खडूनं ओढावी तशी वाकडी पांढरी रेघ. म्हणून नाव रेघोटी. टिटवीनं तळहात पुढे धरला, घोडीनं वास घेतला नि आपलं जड डोकं सरळ पोरीच्या छातीवर टेकवलं. पोर एक पाऊल मागे सरकली नि हसली.

"का विकताय?" आईनं विचारलं. हा प्रश्न ती प्रत्येकाला विचारायची. उत्तर देताना माणूस कुठे बघतो ते बघायचं असतं.

बाईंनी तिच्याकडेच बघितलं. "माझे गुडघे गेले. मी वर बसले तर उतरायला शिडी लागते. आणि ही उडीची घोडी आहे हो. हिला नुसतं उभं ठेवणं म्हणजे शिक्षा."

आईनं घोडीच्या भोवती फेरी मारली. पाठीवरून, कमरेवरून, मागच्या ढोपरांवरून हात फिरवला. खुरांवर वरपासून खालपर्यंत सारख्या रेषा, म्हणजे मोठं आजारपण नाही. डोळा शांत. मग टिटवी वर बसली. सपाट इंग्रजी खोगिरात तिची पाठ कशी ताठ होते ते आई कुंपणापाशी उभी राहून बघत राहिली. चाल, दुडकी, दौड. मागे कुणीतरी पत्रा आपटला तेव्हा रेघोटीनं फक्त एक कान वळवला. जमिनीवर टाकलेल्या दांड्यांवरून ती पाय उचलून अशी गेली, जणू रोज तेच मोजत होती.

"ताई," कोच हळूच म्हणाले, "मला काही दिसत नाही बुवा. तुम्हाला दिसतंय?"

तिला काही दिसत नव्हतं. तिनं बाह्या वर सारल्या.

"पाय दुमडून बघू," ती म्हणाली.

ही चाचणी साधी असते. घोड्याचा पाय उचलायचा, खुराच्या वरचा सांधा मिनिटभर वाकवून धरायचा, सोडायचा, नि लगेच घोड्याला सरळ रेषेत दुडकत न्यायचं. सांध्यात दुखणं असेल तर पावलं आखडतात, डोकं खालीवर होतं. सौदा पक्का होण्याआधी पशुवैद्य येऊन एक्स-रे काढणारच असतात, तरी विकत घेणारे आधी एकदा स्वतः बघतात. फक्त पाय धरणाऱ्याचा हात हलका हवा. जोर लावला तर धडधाकट घोडासुद्धा लंगडतो. हे तिला चांगलं ठाऊक होतं. लेकीलाही तिनंच शिकवलं होतं, 'मुठीत चिमणीचं पिल्लू आहे असं समजून धरायचं.'

टिटवी खाली उतरून उभी होती. बाईंनी लगाम धरला. आई वाकली, रेघोटीचा पुढचा डावा पाय उचलला. घोडीनं तो आपणहून दिला, कुणी ओळखीच्याच्या हातात पिशवी द्यावी तसा.

मग आईच्या बोटांनी खुराचं टोक घट्ट पकडलं नि वर ओढलं. सांधा जिथे थांबतो तिथे ती थांबली नाही, त्याच्या थोडी पुढे गेली. दवाखान्यात ती जिथे कधीच जात नसे, तिथे. घोडीची कातडी खांद्यापाशी थरथरली. तिनं मान वळवून बघितलं, पण पाय काढून घेतला नाही. खुराच्या नालेचं लोखंड आईच्या तळव्यात रुतत होतं. तिनं ते रुतू दिलं.

"सोडा," कोच म्हणाले, आणि बाईंच्या हातून लगाम घेऊन रेघोटीसोबत धावले.

तीन-चार पावलांत सगळ्यांना दिसलं. डोकं वर, खाली, वर. डावा पाय जमिनीला लागतोय न लागतोय तोच उचलला जात होता.

कोच घोडीला वळवून परत आले नि घाम पुसायला लागले. त्यांनी आईकडे बघितलं नाही. पुन्हा नाटक पडलेल्या मॅनेजरसारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"असं कधी नव्हतं," दातांच्या डॉक्टर म्हणाल्या. त्या गुडघा धरत धरत खाली बसल्या नि स्वतःच्या हातांनी तो सांधा चाचपला. "गरम नाही. सूज नाही. पण लंगडली तर खरी."

"पशुवैद्य येईपर्यंत थांबून बघा ना," कोच म्हणाले. "कधी कधी उगाच होतं."

"नको हो." बाई कुंपणाला धरून उठल्या. "आता ती मी कुणालाच द्यायची नाही. उडी मारून उतरताना हा पाय दुमडला तर वरचं पोर कुठे जाईल? कुणाच्या लेकराला खाली टाकणारं जनावर माझ्या हातून नको जायला." त्यांनी रेघोटीच्या कपाळावरच्या रेघेवर बोट फिरवलं. "राहील इथेच. उभी राहील. मीही उभीच असते हल्ली."

आईच्या पोटातला गोळा उतरायला हवा होता. प्रत्येक वेळी याच क्षणी उतरायचा. तिनं वाट बघितली.

"टिटवे, चल," ती म्हणाली. "हेल्मेट दे इकडे."

लेकीनं हनुवटीखालचा पट्टा सोडला नि हेल्मेट पुढे केलं. आईनं घ्यायला हात उघडला. तळव्याच्या मधोमध लोखंडाची वळणदार खूण उमटली होती, लालबुंद, कडेला निळसर. चिमणीचं पिल्लू धरून अशी खूण उमटत नाही.

पोरीनं खुणेकडे बघितलं. मग वर बघितलं. आईला वाटलं, आता ही बोलेल, सगळ्यांसमोर बोलेल. तिनं मनातल्या मनात खांदे आवळून घेतले.

टिटवी बोलली नाही. गेल्या वर्षी वाळूत पडली होती तशीच, उघड्या डोळ्यांनी, गप्प. मग तिनं हेल्मेट अशा बेतानं आईच्या हातात ठेवलं की तळवा झाकला जावा, आणि कोचना म्हणाली, "जाऊ या सर. तशी मलाही फार नव्हती आवडली."

खोटं बोलायला अजून शिकली नव्हती पोर. आवाज चिरकला. ती रेघोटीकडे पाठ करून गाडीच्या दिशेनं चालायला लागली, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखी.

आई दोन पावलं तिच्या मागे गेली. हेल्मेट आतून अजून गरम होतं, घामानं ओलं. लहानपणी ताप उतरल्यावर हिचं डोकं असंच लागायचं हाताला.

ती थांबली.

"सर, थांबा," ती म्हणाली. "मी जास्त दाबलं."

"काय?"

"पाय. मी फार वर ओढला. कुठलाही घोडा लंगडला असता." तिनं हेल्मेट काखेत घेतलं नि तळवा पुढे केला, शाळेत छडी खायला करतात तसा. "तिला थोडं फिरवून आणा, मग तुम्ही धरा. दोन्ही पाय धरा. मी लांब उभी राहते."

कोचनी तळवा बघितला, तिचा चेहरा बघितला. "थंडीत बोटं आखडतात," ते एवढंच म्हणाले. थंडी नव्हती.

दातांच्या डॉक्टर मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "बाई, तुमचं माझ्याशी काही वैर आहे का?"

"नाही हो."

"मग घोडीशी?"

आईनं मान हलवली. तिच्या नजरेच्या टोकाला गाडीपाशी थांबलेली लेक होती. बाईंनी त्या नजरेचा माग काढला.

"पडली होती का?"

"हो."

"हं," बाई म्हणाल्या. मग पुन्हा, "हं. पण पाय माझ्या घोडीचा होता."

रेघोटीला रिंगणाभोवती सावकाश फिरवलं. मग कोचनी पाय धरला, हलक्या हातानं. घोडीला धावत न्यायला टिटवीला बोलावलं. ती आईच्या बाजूनं गेली, पण बघितलं नाही. पाय सुटला, पोर नि घोडी एकदम निघाल्या. टप टप टप टप, घड्याळासारखं. डोकं हललं नाही. उजवा पायही धरला. तेच.

"खणखणीत आहे," कोच म्हणाले. "ताई, आता मी हिला एका दांड्यावरून नेऊन बघेन म्हणतो. तुम्ही म्हणाल तरच."

सगळे तिच्याकडे बघायला लागले, टिटवी सोडून.

तिनं जाऊन दांडा उचलला. लाकडाचा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, वाटला होता त्यापेक्षा जड. दुखऱ्या तळव्यानं तो तिनं दोन खांबांवरच्या खोबणींत ठेवला, आधी सगळ्यात खालच्या, मग कोचनी खूण केली तसा त्याच्या वरच्या. मग लेकीपाशी जाऊन हेल्मेट डोक्यावर चढवलं, हनुवटीखालचा पट्टा लावला, एक बोट आत जातंय ना ते बघितलं. पोरीनं हनुवटी वर करून लावू दिलं. डोळे दुसरीकडे.

आई कुंपणाशी उभी राहिली. डोळे मिटायचे नाहीत, एवढं तिनं ठरवलं. घोडी वळणावरून आली, कान पुढे, एकसारख्या दौडीत. तो आवाज तिला ऐकू आला, हाडाचा, आधीच. रेघोटीनं पुढचे पाय पोटाशी घेतले, पोर मानेवर झुकली, आणि क्षणभर दोघींखाली नुसती हवा होती. मग वाळूत चार खूर उतरले. टिटवी वर होती.

तिनं कुणाकडेही बघून हात हलवला नाही. घोडीच्या मानेवर मात्र तोंड खुपसून काहीतरी सांगत राहिली, बराच वेळ.

पशुवैद्यांची वेळ ठरली. कोच आपल्या मोटारसायकलवरून पुढे गेले. निघताना बाई गाडीच्या खिडकीपाशी येऊन म्हणाल्या, "एक्स-रेच्या दिवशी या. पण पाय तुम्ही नाही धरायचा." त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी खिडकीच्या काठावर दोन बोटं आपटली, पेशंटला 'झालं' म्हणतात तशी.

टिटवी नेहमी पुढे बसायची. आज तिनं मागचं दार उघडलं. पुढच्या सीटवर हेल्मेट ठेवलं नि आपण मागे जाऊन खिडकीला टेकली. गाडी हमरस्त्याला लागली.

"तो पांढऱ्या पायांचा," मागून आवाज आला. "तो तरी खरंच अडायचा का?"

"हो. तो अडायचा."

"आणि लांब पाठीचा?"

"त्याची पाठ खरंच लांब होती. पण चाललं असतं."

पुढचा प्रश्न कुणाबद्दल येणार हे आईला माहीत होतं. त्याला नाही म्हटलं त्या दिवशी पोर घरी येऊन उशीत तोंड घालून झोपली होती.

"करडा?"

आरशात फक्त लेकीचं कपाळ दिसत होतं, हेल्मेटच्या पट्टीची आडवी खूण उमटलेलं.

"तो चांगला होता," आई म्हणाली. "त्याच्यात काही नव्हतं."

मागच्या खिडकीची काच खाली सरकली. समोरच्या चौकात दिवा लाल झाला, तिनं जरा जोरात ब्रेक दाबला, आणि हेल्मेट सीटवरून पुढे घरंगळलं. तिचा हात आपोआप आडवा गेला. लेक एवढीशी असल्यापासून प्रत्येक ब्रेकला जायचा तसाच. त्यानं हेल्मेट अडवलं, आणि मग तो तिथेच राहिला, रिकाम्या सीटसमोर, दिवा बदलेपर्यंत.

"आई," टिटवी मागून म्हणाली, "हिरवा झाला."