उपटलेली घोळ

मला पगार मिळतो तो तण वाढवण्याचा. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "नाही, पण खरं काय करता?" खरं तेच करते. शेती संशोधन केंद्राच्या काचघरात मक्याच्या कुंड्या मांडलेल्या आहेत आणि प्रत्येक कुंडीत मक्याच्या जोडीला मुद्दाम पेरलेलं तण आहे. कुठे लव्हाळा, कुठे हरळी, आणि सगळ्यात जास्त घोळ. काही कुंड्यांना पोटभर पाणी, काहींना अर्धपोटी, काहींना जेमतेम घसा ओला होईल एवढंच. रोज सकाळी एकेक कुंडी काट्यावर ठेवायची, कालपेक्षा किती हलकी झाली ते बघायचं आणि तेवढंच पाणी परत द्यायचं. मातीतली ओल कमी झाली की मका आणि तण यांच्यात कोण कोणाच्या तोंडचं पाणी पळवतं, अगदी शब्दशः, एवढाच आमचा प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा तणाच्या बाजूने लागतं. मका पानं गुंडाळून रडत बसतो आणि घोळ आपली लालबुंद देठं पसरून मजेत लोळत असते.

बाबांना ही नोकरी कधी पटली नाही. त्यांचा जन्म शेतात गेला, आणि 'तण खाई धन' हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं तत्त्वज्ञान. मी घर सोडून निघाले तेव्हा म्हणाले, "आम्ही उपटून उपटून कंबरडं मोडून घेतलं आणि तू पेरायला निघालीस होय?" सगळे हसले, मीही हसले. पण त्या थट्टेच्या तळाशी राग होता, आणि बाबा राग लाडाने पाळतात.

आई गेली तेव्हा मी त्यांना माझ्याकडे आणलं. विचारलं नाही, आणलं. शेत कसायला दिलं, घराला कुलूप घातलं, चुलतभावाच्या हातात किल्ली ठेवली. "तुमचं वय झालं, एकटं कसं राहणार?" असं सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. इतकी वर्षं कामावरून आल्यावर मीच कुलूप काढत होते आणि मीच दिवा लावत होते. आतून कोणीतरी दार उघडावं, एवढं मला हवं होतं. माझी गरज मी त्यांच्या वयाच्या नावावर खपवली.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एक त्यांना दिली, कपाटातले दोन कप्पे रिकामे करून दिले. पण ते रिकामेच राहिले. बाबांचे कपडे पिशवीतच असायचे, पलंगाखाली. मी विचारलं की म्हणायचे, "पिशवीतच बरे सापडतात." बाकी तक्रार म्हणून नाही. जेवायचे वेळेवर, खालच्या दुकानदाराशी गप्पा मारायचे, जिन्यात भेटेल त्याची विचारपूस करायचे. शेजारीण मला दर दोन दिवसांनी सांगायची, "बाबा छान रमले हो तुमच्याकडे!" ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. फक्त सकाळी ते खिडकीशी उभे असायचे तेव्हा त्यांची बोटं कठड्यावर उगाच काहीतरी चिमटीत धरायची आणि सोडायची, धरायची आणि सोडायची. मी ते बघायचे आणि न बघितल्यासारखं करून चहा टाकायचे.

एके दिवशी म्हटलं, "घरात बसून गंज चढेल. चला, माझं काम तरी बघा." त्यांना काचघरात स्टुलावर बसवलं. इकडच्या ओळी भरपूर पाण्याच्या, तिकडच्या तहानलेल्या, असं सगळं समजावून सांगितलं. लहानपणी शाळेतलं चित्र दाखवताना वाटायचं तसं मला वाटत होतं. ते "हं, हं" करत होते. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं म्हणून मी वरच्या मजल्यावर गेले. बोलणं लांबलं.

परत आले तर बाबा कुंड्यांच्या शेवटच्या ओळीत उकिडवे बसलेले. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले, चेहरा घामाने चमकत होता, आणि त्या चेहऱ्यावर आई गेल्यापासून मी न पाहिलेलं हसू होतं. पाठीमागे तणाचा नीट रचलेला ढीग. कुंड्यांत फक्त मका, एकटा, कसा ताठ उभा.

"या," ते म्हणाले, "पार रान माजलं होतं. कोणी लक्ष देत नाही वाटतं तुमच्याकडे?"

माझा ताबा सुटला. "बाबा! अहो, हा काय घोळ घालून ठेवलात!"

त्यांनी ढिगाकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हो, घोळच होती जास्त करून. लव्हाळा थोडा."

दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मी पोट धरून हसले असते. तेव्हा हसू आलं नाही. महिन्यांची मेहनत, साहेबांना काय सांगू, तुम्हाला आणलंच कशाला, असं तोंडाला येईल ते बोलले. ढीग दोन्ही हातांनी उचलला आणि मागच्या दारातून भिरकावला. अर्धा नळाखालच्या चिखलात पडला, अर्धा बाजूच्या कोरड्या सिमेंटच्या कट्ट्यावर.

"ओलीत नको टाकूस," बाबा हळूच म्हणाले, "पुन्हा धरेल."

"मला माहीत आहे!" मी ओरडले. माहीत होतंच.

मग ते उठले. नळावर हात धुतले, फार वेळ, नखांच्या कडेची मातीसुद्धा काढली.

साहेब वयाने माझ्यापेक्षा लहान, पण भला माणूस. कुंड्या बघून डोक्याला हात लावला, मग म्हणाला, "इतकी स्वच्छ निंदणी मी जन्मात पाहिली नाही. जाऊ द्या, पुन्हा पेरू." प्रश्न त्याच्याकडून मिटला. घरी मात्र बाबा जास्तच शहाण्यासारखे वागायला लागले. मी काही वाढलं की "छान झालंय", मी काही विचारलं की "तू म्हणशील तसं". बोटंही कठड्यावरून काढून खिशात घालून ठेवायला लागले. शेजारीण म्हणाली, "आता अगदीच रमले."

नवी पेरणी उगवून आली तेव्हा मी एकदा बादली भरायला मागच्या नळावर गेले. चिखलात पडलेल्या घोळीने पाय पसरले होते. नवी पानं, नवी देठं, जाळंच झालं होतं. ते अपेक्षितच होतं. पण कट्ट्यावरची घोळसुद्धा हिरवी होती! कोरड्या सिमेंटवर, रणरणत्या उन्हात, टपोऱ्या पानांची, वर एक बारीकसं पिवळं फूलही. मला इतका आनंद झाला. म्हटलं, बघा, मुळं नसली तरी जगते की! कुठेही टाका, जगते!

आणि मी ती उचलली. ती नुसतीच हातात आली. कशालाच धरलेलं नव्हतं. खाली वाळून दोरा झालेलं जुनं मूळ, बस. मग चिखलातली ओढून पाहिली. तिने जागा सोडली नाही.

यात नवीन काहीच नव्हतं. घोळ आपल्या देठात पाणी साठवते आणि उपटल्यावर त्या साठ्यावर कितीतरी दिवस काढते, हे मीच नव्या मुलांना शिकवते. हिरवी दिसते, फुलते, घाईघाईने बी धरते, आणि मग संपते. मी कट्ट्यावर बसले आणि बादली भरून वाहिली तरी उठले नाही. माझ्या घरात दोन रिकामे कप्पे होते आणि पलंगाखाली एक पिशवी होती. मला रडू आलं, आणि मी ते अडवलं नाही.

संध्याकाळी बाबांनी दार उघडलं. आतून. मी चपला काढता काढताच विचारलं, "बाबा, घरी जायचं?"

"तुला सुट्टी मिळेल?"

"एक दिवस काढते."

ते आत गेले आणि पिशवी घेऊन बाहेर आले. भरायला काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो. चुलतभाऊ किल्ली घेऊन आला, दोन वेळच्या जेवणाचं त्याने आपणहून अंगावर घेतलं, समोरच तर राहतो. बाबा कुलूप काढायलासुद्धा थांबले नाहीत. अंगणात रान माजलं होतं. पिशवी खांद्यालाच, आणि ते खाली बसून तण उपटायला लागले. मीही बसले. माझा हात चालेना.

"तण वाढवणाऱ्या बाईंना उपटता येत नाही वाटतं," ते म्हणाले.

"तुम्ही उपटाल त्याच्या दुप्पट पेरेन मी," मी म्हटलं. खूप दिवसांनी आम्ही दोघं एकदम हसलो.

उन्हं उतरली तशी मी उठले. परतीची गाडी होती.

"राहा की आज," बाबा म्हणाले.

एवढंच ते म्हणाले, आणि माझ्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत हे मी त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं. जेवा म्हटलं, झोपा म्हटलं, औषध घ्या म्हटलं. राहा, असं म्हटलं नाही.

"सकाळी कुंड्यांचं वजन करायचं असतं."

"हो, तुझी तणं तहानलेली असतील." त्यांनी हातावरची माती झटकली.

मला राहवलं नाही. "बाबा, मला तुम्ही तिथे हवे होतात. तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "म्हणून तर इतके दिवस राहिलो."

मग ते वाकले. उपटलेल्या ढिगात हात घालून चाचपत राहिले आणि घोळीचं एक टपोरं देठ निवडून काढलं. खिशातला रुमाल अंगणातल्या नळाखाली भिजवला, देठ त्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. जन्मभर त्यांनी तण फक्त बांधापलीकडे फेकलं होतं.

"खिडकीत लाव. ओल ठेव, धरेल."

मी तो रुमाल ओंजळीत धरला.

"आणि हे बघ," फाटकाशी आल्यावर ते म्हणाले, "हिला काट्यावर ठेवून पाणी घालू नकोस. हाताला येईल तेवढं घाल."