वजा तीस

आखणीचं काम ताईकडे आणि करवत तिच्या धाकट्या भावाकडे. गेल्या आठवड्यात ताईच्या आकड्यांवर एक दगड वाया गेला होता. त्याच खाणीतला, त्याच रंगाचा आता हा एकच दगड उरला होता. कारखान्याच्या मालकीणबाई सकाळीच ताईला बजावून गेल्या होत्या, "हा बिघडला तर उद्यापासून येऊ नकोस."

ज्या स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी तो कापायचा होता, तिथल्या कोपऱ्यातल्या दोन भिंती काटकोनात नव्हत्या. दगडाच्या दोन तुकड्यांचा सांधा कोनाच्या बरोबर मधून जायला हवा होता. ताईने भिंतींच्या रेषा लिहिल्या, 3x − 4y + 10 = 0 आणि 12x + 5y − 30 = 0. पहिलीला पाचाने भागलं, दुसरीला तेराने, आणि दोन्ही बाजू समान मांडल्या. मिळालेल्या रेषेवरचा एक बिंदू घेऊन ताडून पाहिलं: दोन्ही भिंतींपासून अंतर सारखंच. तिने आकडे यंत्रात भरले.

"तपासलंस ना?" भावाने पातं थंड ठेवणारा पाण्याचा नळ सोडला.

"दोनदा."

"मागच्या वेळीही दोनदाच म्हणालीस, ताई."

"तू तुझी करवत बघ."

मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पातं फिरू लागलं.

ताईची नजर कागदावरून हटेना. अंतर सारखं असणाऱ्या रेषा दोन असतात. एक कोनाच्या आतून जाते, दुसरी शेजारच्या कोनातून, आणि तिची तपासणी दोन्ही रेषांना पास करणारी होती. आतली कोणती? नकाशात शून्य बिंदू माणूस उभा राहतो तिथे, म्हणजे नक्कीच आत. तिने दोन्ही समीकरणांत शून्य टाकलं. दहा. वजा तीस.

चिन्हं उलट; आतल्या रेषेसाठी ती सारखी हवी होती. दुसऱ्या समीकरणाची चिन्हं बदलायची राहिली होती.

"थांबव!"

करवतीच्या आवाजात भावाला ऐकू गेलं नाही. तिने धावत जाऊन लाल बटणावर तळहात आपटला. पातं दगडाच्या बोटभर वर थांबलं.

"पाणी कमी पडत होतं, बाई," भाऊ घाईने म्हणाला.

"पाण्याला बोल नको लावूस. रेषा चुकीची काढली होती, मी," ताई म्हणाली.

ताईने चिन्हं बदलून नवी रेषा काढली, आधी शून्य टाकून पाहिलं, मग आकडे भरले. वीस मिनिटांनी दोन तुकडे त्या कोपऱ्याच्या मापाच्या साच्यावर ठेवले. फटीत कागदही शिरेना.

मालकीणबाईंनी सांध्यावरून नख फिरवलं आणि फोन भावाच्या हातात दिला. "उद्या हिच्या जागी नवा माणूस येणार होता. त्याला नको म्हणून कळव."